आई, ओटीपी आला का?

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रेडिंगच्या आमच्या स्वयंपाकघरातून सांगलीला फोन लागतो. इकडे उन्हाळा असेल तर तिकडे दुपारचे अडीच, हिवाळा असेल तर साडेतीन. आईचं जेवण, झाकपाक आणि जमलं तर थोडी डुलकीसुद्धा झालेली असते. आधी तब्येतीची चौकशी, मग पाऊस, मग कुणाकडे काय झालं ते, आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य. "आई, मोबाईल जवळ आहे ना? आता एक नंबर येईल."

बाबा गेल्यापासून तिची वीजबिलं, गॅस, मेडिक्लेमचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं मी इथून, तिच्याच कार्डावरून भरत होतो. कार्डाचे सोळा आकडे माझ्याकडे लिहिलेले. मी इथे बटण दाबायचं, तिकडे तिच्या फोनवर ओटीपी यायचा आणि ती तो पाढे म्हणावेत तसा वाचून दाखवायची. "आला का?" "आला. सांगू?" "सांग." सहा आकडे, की काम फत्ते. मला त्याचा थोडा अभिमानही होता. पाच हजार मैलांवरून आईचा संसार चालवतो म्हणून.

त्या मेसेजच्या शेवटी दर वेळी एक ओळ असायची, की हा क्रमांक कुणालाही सांगू नका. सुरुवातीला आईनं विचारलंही होतं, "अरे, इथे तर सांगू नका असं लिहिलंय." मी हसून म्हणालो, "अगं, ते दुसऱ्यांसाठी. मला सांगायला काय हरकत आहे?"

ऑगस्ट २०२४ मध्ये एका दुपारी तिला फोन आला. बोलणारा अगदी अदबीनं बोलत होता. मॅडम, तुमचं फॅमिली पेन्शन आहे, त्याचं लाईफ सर्टिफिकेट ऑनलाईन अपडेट झालेलं नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल. मुलगा परदेशी असतो ना तुमचा? त्यांना कशाला त्रास द्यायचा, मी इथूनच करून देतो. कार्डावरचा नंबर सांगा. आता एक ओटीपी येईल, तो सांगा. पहिला गेला नाही वाटतं मॅडम, परत एक येईल. आईनं दोन्ही वाचून दाखवले. अठ्ठ्याण्णव हजार रुपये गेले.

मला हे कळलं पाचव्या दिवशी, आणि तेही तिच्याकडून नाही. मधल्या रविवारी आमचं नेहमीसारखं बोलणं झालं होतं. पावसाबद्दल बोलली, कृष्णेच्या पाण्याबद्दल बोलली, याबद्दल अवाक्षर नाही. माझा मावसभाऊ तिचं पासबुक भरून आणायला बँकेत गेला आणि त्याला त्या दोन नोंदी खटकल्या. त्यानं मला फोन केला. मी आईला केला. ती आधी गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास."

मी सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस वर्षं काढली आहेत. ऑफिसात दर वर्षी सुरक्षेचं प्रशिक्षण घेतो आणि शेवटच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क मिळवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नंतर मी गणपतीत सांगलीला गेलो तेव्हा आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून तो फोन पुन्हा एकदा पहिल्यापासून बोललो. मी तो माणूस झालो आणि ती तीच राहिली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती सांगण्यासाठी हा लेख. आईला त्या फोनमध्ये खटकलं होतं. एक नाही, दोन गोष्टी खटकल्या होत्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऑगस्टमध्ये कुणी विचारत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांच्या वेळेपासून ती ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवते. आणि बँकेतली माणसं तिला 'काकू' म्हणतात, 'मॅडम' कुणी म्हणत नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ऑनलाईन झाल्यावर महिने बदलले असतील. तूच म्हणतोस ना, आई, तुला त्यातलं कळत नाही, मी सांगतो तसं कर."

आयुष्यभर भाजीवाल्यानं काट्यात मारलेलं पन्नास ग्रॅम जिनं सोडलं नाही, तिला मीच शिकवलं होतं की फोन आणि कॉम्प्युटर या विषयात तुझ्या शंकेला किंमत नाही. आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही या एकमेव कामाच्या नियमाला पहिला अपवादही मीच घरात आणला होता. त्या माणसाला नवं काहीच शिकवावं लागलं नाही. तो फक्त माझ्यासारखं बोलला.

कॉम्प्युटरची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाईप करणारे तज्ज्ञ येतात. पण या क्षेत्रातली एक गाजलेली शोधकथा सुरू होते ती ७५ सेंटच्या फरकापासून. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या संशोधनाचा निधी संपला म्हणून त्याला कॉम्प्युटर विभागात बसवलं होतं. तिथे कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात ७५ सेंटचा मेळ लागत नव्हता. दुसरा कुणी असता तर सोडून दिला असता. यानं नाद सोडला नाही. महिनोन्‌महिने माग काढत तो पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. तिथला एक तरुण अमेरिकी लष्करी यंत्रणांत शिरून माहिती काढत होता आणि त्याची टोळी ती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला, केजीबीला, विकत होती. स्टोल या विषयातला तज्ज्ञ नव्हता. त्याला हिशोबातली चूक खटकली आणि त्यानं त्या खटकण्याचा मान ठेवला, एवढंच. माझ्या आईकडेही ते ७५ सेंट होते.

उलट बाजूचं उदाहरण इथल्या अनेकांनी जवळून पाहिलंय. १२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं आणि त्यात आपली एनएचएस सापडली. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टच्या कामात अडथळे आले. माझी बायको तेव्हा वॉर्डवर होती; त्या दुपारी सगळ्यांना कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं आणि नर्सेसनी कागद-पेन काढलं. ती अजून सांगते, की रक्ताच्या तपासणीचे आकडे घेऊन माणसं जिन्यावरून पळत होती. ज्या फटीतून ते सॉफ्टवेअर शिरलं, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेला होता. मोठ्या संस्थेत अपडेट घालणं सोपं नसतं हे मी स्वतः जाणतो. पण आपल्या घरच्या लॅपटॉपवर तीच पाटी येते तेव्हा आपण 'नंतर आठवण करा' का दाबतो, याला माझ्याकडे तरी चांगलं उत्तर नाही. भारतातल्या घरी धूळ खात पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरचीही या दिवाळीत चौकशी करा. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. त्यावरून बँकेचे व्यवहार होत असतील तर काहीतरी ठरवायला हवं.

असो. आईकडे परत येतो, कारण पैसे गेल्यानंतर काय होतं ते मंडळातल्या फार थोड्या जणांना माहीत आहे, असं मला गेल्या वर्षभरातल्या बोलण्यातून दिसलं.

भारतात सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाईन क्रमांक आहे. तो लवकर फिरवणं का महत्त्वाचं, ते समजून घ्या. चोरलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. तो भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे जातो, एकातून चार, चारातून दहा, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख निघतो. १९३० ला तक्रार नोंदली की ती ज्या बँकेत पैसा गेला तिच्याकडे पोचते आणि पैसा अजून तिथे असेल तर तो रोखून धरतात; पुढे गेला असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. म्हणजे पैसा आणि तक्रार यांची शर्यत असते. तासाभरात निघालेली तक्रार पैशाला गाठू शकते. आमची तक्रार पाच दिवसांनी निघाली, तोवर पैसा कधीच रोख होऊन गेला होता. हाती काही लागलं नाही.

त्यात तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. खातेदाराची चूक नसेल आणि भलत्याच कुणी त्रयस्थानं पैसे काढले असतील, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास त्याचं नुकसान शून्य. पण खातेदारानंच ओटीपी सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, आणि त्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दोन्हीकडे घड्याळ चालू होतं ते तोंड उघडण्याच्या क्षणाला. आणि माझी आई पाच दिवस बोलली नाही, कारण वर्षभरापूर्वी प्रिंटरवरून मी तिच्यावर आवाज चढवला होता. हा हिशोब मी मनात पुष्कळदा मांडून पाहिला आहे. ते अठ्ठ्याण्णव हजार ओटीपीमुळे गेले, पण त्यातले थोडेफार वाचण्याची संधी होती ती माझ्या ओरडण्यानं गेली.

ही मंडळी नेमकं हेच हेरतात. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली जे चालतं ते पाहा. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमचं आधार गुन्ह्यात वापरलं गेलं, आता व्हिडिओ कॉल चालू ठेवा, खोलीबाहेर जाऊ नका. समोर पोलिसाचा गणवेश, मागे अशोकस्तंभ. भारताच्या कायद्यात अशी अटक मुळात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ते सांगितलं. पण त्या फोनमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वेगळंच असतं. कुणाला सांगू नका, मुलालासुद्धा नाही, नाहीतर तोही अडकेल. मुलगा रेडिंगला, मुलगी न्यू जर्सीला, घरात एकटी बाई. आपलं इथे असणं हे त्यांचं भांडवल आहे.

इथे ब्रिटनमध्ये आपण जरा सुरक्षित आहोत, पण जराच. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून तुमच्याच हातून बँक ट्रान्सफर करवून घेतली असेल तर बहुतेक प्रकरणांत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना बंधनकारक झालं. मात्र हे ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवलेल्या पैशांना लागू आहे. परदेशी पाठवलेल्या पैशांना नाही, आणि परदेशी पैसे पाठवणं हा तर आपल्या सगळ्यांचा मासिक कार्यक्रम. बँकेच्या नावानं आलेल्या फोनचा संशय आला तर तो ठेवून १५९ फिरवा. तिथून बहुतेक मोठ्या बँकांशी जोडून मिळतं. संशयास्पद एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवता येतो. नव्यानं शिकायला आलेल्या मुलामुलींना हे जरूर सांगा. व्हिसा रद्द होईल अशा धमकीचे फोन त्यांनाच येतात आणि तीही, घरी कळलं तर काय, या भीतीनं गप्प बसतात. वय बदललं तरी गप्प बसण्याचं कारण तेच.

आता आमच्या घरात काय बदललं ते सांगतो. याला उपाय म्हणा, प्रायश्चित्त म्हणा.

पहिलं म्हणजे आई मला ओटीपी सांगत नाही. कधीच नाही. हे ठरवलं त्या दिवशी वाटलं, आता सगळी कामं अडणार. तसं काही झालं नाही. माझ्या खात्याला तिचा नंबर जोडलेला होता, कारण इकडे आल्यावर रिचार्ज न केल्यानं माझं भारतातलं सिम बंद पडलं होतं; आपल्यातल्या निम्म्या लोकांची हीच कथा असेल. आता तिथे माझा इथलाच नंबर आहे. २०२३ पासून ब्रिटन, अमेरिका, आखाती देश धरून काही देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआय जोडायची परवानगी आहे, पण आपली बँक ते देते का, हे विचारून घ्यावं लागतं. तिची बिलं मी माझ्या खात्यातून भरतो. दाखल्याचं काम मावसभाऊ तिला बँकेत नेऊन करतो, आणि त्या निमित्तानं परत येताना दोघं भडंग घेऊन येतात, हा तिच्या मते मुख्य फायदा.

दुसरं तिचं कार्ड. ऑक्टोबर २०२० पासून आपल्या कार्डावरचे ऑनलाईन व्यवहार, परदेशातले व्यवहार हे हवे तसे चालू-बंद करता येतात, मर्यादा घालता येते. आई कार्ड फक्त एटीएममध्ये वापरते. मग त्यावर ऑनलाईन खरेदी चालू कशाला? बंद केली आणि एटीएमची मर्यादा दिवसाला दहा हजार ठेवली. उद्या ती पुन्हा फसली तरी फसण्याची किंमत ठरलेली आहे. माणूस कधी चुकणारच नाही असं धरून कुलूप बनवायचं नसतं, हे मला ऑफिसात माहीत होतं, घरी सुचलं नव्हतं.

पासवर्डवरून आमची थोडी वादावादी झाली. ती सगळे पासवर्ड एका डायरीत लिहिते आणि डायरी साड्यांच्या कपाटात ठेवते. मी पूर्वी यावर नाकं मुरडायचो. आता वाटतं, कपाटापर्यंत पोचणारा चोर आणि इंटरनेटवरचा चोर हे वेगळे लोक आहेत. दुसऱ्याला साड्यांच्या घडीतली डायरी दिसत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड लावण्यापेक्षा डायरी कितीतरी बरी. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवा, हा जो जाच आपण सोसला त्याचं मूळ २००३ च्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेत होतं. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता त्यांना पश्चात्ताप होतो. इथलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्र सांगतं, एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घ्या. आपल्याकडे तर शब्दांना तोटा नाही. कंदील, मुळा, पोस्टमन. (हे वापरू नका, आता छापून आले.)

फाईलींच्या बाबतीत तिला एकच खूण सांगितली. लग्नाची पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ते फोनमध्ये शिरणारं ॲप आहे, मग पाठवणाऱ्याच्या जागी सख्ख्या भावाचं नाव का दिसेना. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. बँकेच्या वेबसाईटचं नाव तर ती स्वतःच वाचून बघते. भारतातल्या बँकांना आपले पत्ते 'बँक डॉट इन'नं संपतील असे करून घ्यायला रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली होती. ही खूण तिला फार आवडली. म्हणाली, हॉलमार्कसारखंच झालं की.

आणि घरचा एक शब्द ठरवला. हल्ली आवाजाची नक्कल करता येते. माझ्या आवाजात, आई, मी अडचणीत आहे, असा फोन उद्या येऊ शकतो. म्हणून पैशाची, प्रवासाची, अडीनडीची कुठलीही गोष्ट असली की आधी तो शब्द. तो कुठल्याही कागदावर नाही, फोनमध्ये नाही, फेसबुकवर सापडेल असा नाही. संपादकांनी विचारला, त्यांनाही सांगितलेला नाही.

ओरडायचं नाही, हेही ठरलं. ते मला अजून पूर्ण जमलेलं नाही. पण जुलैत तिनं आपण होऊन फोन केला. रविवार नव्हता, मी मीटिंगमध्ये होतो. "एकाचा फोन आला होता, मीटर कापतो म्हणून. मी काही दिलं नाही, पण एका कशावर तरी बोट लागलं. काय करू?" काही झालं नव्हतं. बोट लागल्यापासून मला कळेपर्यंत मात्र चारच मिनिटं गेली होती.

यंदा गणपतीसाठी निघालो तेव्हा मुंबईला उतरेपर्यंत माझ्या फोनची बॅटरी संपली. शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून आईला लावला. विमानाला उशीर झालाय, स्टँडवर घ्यायला येणाऱ्या गाडीला रात्री दोन तास उशिरा बोलव, एवढंच सांगायचं होतं.

"शब्द?" आई म्हणाली.

रात्रभर झोप नव्हती. मला आठवेना. "आई, अगं मी बोलतोय!"

"तसं कुणीही म्हणेल," असं म्हणून तिनं फोन ठेवला. परत लावला तर उचललाच नाही. गाडी ठरलेल्या वेळी येऊन निघून गेली. स्टँडवरून रिक्षा करून मध्यरात्रीनंतर घरी पोचलो, तर दाराला साखळी लावलेलीच होती, आणि फटीतून आईचा आवाज आला, "आता तरी आठवला का?"